मळी आपली, नाव कुणाचे?
मद्याच्या नाममुद्रांवरील न्यायालयीन लढाया आणि नगर जिल्ह्याचा त्यातील वाटा

पाथर्डी : दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी तालुक्यातील वाड्यावस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे कोयता, भांडीकुंडी आणि लेकरेबाळे घेऊन कारखान्यांच्या फडावर निघतात. बालाघाटच्या पायथ्याशी वसलेल्या या अवर्षणप्रवण तालुक्याची ओळख राज्यभर ऊसतोड कामगारांचा तालुका अशीच आहे. आदिनाथनगर येथे वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तरी स्थलांतर थांबले नाही. हे कामगार जो ऊस तोडतात, त्याची साखर होते, साखरेतून मळी उरते, मळीचे मद्यार्क होते आणि त्या मद्यार्काचा काही भाग अखेरीस एखाद्या रुबाबदार इंग्रजी नावाच्या बाटलीत जाऊन बसतो. या प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे बाटलीवरच्या नावावर, देशातील न्यायालयांत गेली चार दशके जी लढाई सुरू आहे तिच्याकडे ऊसपट्ट्याने फारसे लक्ष दिलेले नाही. वास्तविक या लढाईतील एक प्रमुख पक्ष याच जिल्ह्यातला आहे.

राज्य सरकारने जून २०२५ मध्ये घेतलेल्या निर्णयामुळे हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पट करण्यात आले. त्याच वेळी धान्याधारित ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा प्रकार मंजूर झाला. हे मद्य केवळ राज्यातील उत्पादकांनीच बनवायचे आणि त्यासाठी नवी नाममुद्रा नोंदवायची, अशी त्यातील अट आहे. १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत देशी मद्यासाठी ८० रुपये, नव्या प्रकारासाठी १४८ रुपये आणि विदेशी मद्यासाठी २०५ रुपये ठरविण्यात आली. नवी नाममुद्रा म्हणजे नवी नावे. आणि नवी नावे म्हणजे नवे तंटे, असा या व्यवसायाचा आजवरचा इतिहास आहे.

नावालाच किंमत का?

कोणत्याही व्यवसायात नावाला मोल असते. मद्यव्यवसायात मात्र नाव हेच भांडवल असते, आणि त्याला तीन कारणे आहेत. पहिले कारण मालाच्या स्वरूपात आहे. भारतात खपणाऱ्या बहुतांश स्वस्त व मध्यम किमतीच्या व्हिस्कीचा पाया म्हणजे मळीपासून किंवा धान्यापासून काढलेले अतिशुद्ध मद्यार्क. त्याला स्वतःची अशी चव जवळपास नसते. त्यात स्वाद, रंग आणि माल्टचे थोडे मिश्रण मिसळले की व्हिस्की तयार होते. म्हणूनच युरोपीय बाजारपेठेत मळीपासूनच्या या पेयाला ‘व्हिस्की’ म्हणून विकता येत नाही. तेथे व्हिस्की धान्यापासूनच व्हावी लागते. दुसरे कारण जाहिरातीचे. केबल दूरचित्रवाणीच्या नियमांनी मद्याच्या जाहिरातींना बंदी घातली, तेव्हापासून सोडावॉटर, ध्वनिफिती आणि पाण्याच्या बाटल्या यांच्या आडून नाव लोकांपुढे ठेवण्याची धडपड सुरू झाली. तिसरे कारण सरकारी नियंत्रण. प्रत्येक राज्यात लेबलाची नोंदणी करावी लागते, शुल्क भरावे लागते आणि किंमतही मोकळेपणाने ठरविता येत नाही. चवीत फरक थोडा, जाहिरातीला मज्जाव आणि किमतीवर बंधन, अशा स्थितीत ग्राहकाच्या स्मरणात राहिलेले नाव हीच कंपनीची खरी मालमत्ता ठरते.

या मालमत्तेचा आकार समजण्यासाठी उसाचा हिशेब मांडून पाहावा. एक टन उसापासून साधारणतः ४५ किलो मळी निघते आणि तेवढ्या मळीपासून स्थूलमानाने १० लिटर मद्यार्क मिळते. ४२.८ टक्के तीव्रतेच्या व्हिस्कीसाठी ते वापरले तर ७५० मिलिलिटरच्या सुमारे ३० बाटल्या भरतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर जाहीर केला. तीस बाटल्यांची दुकानातील किंमत आणि हा दर शेजारी ठेवून पाहिला म्हणजे मधली रक्कम कोठे जाते, हा प्रश्न पडतो. तिचा मोठा भाग करापोटी सरकारच्या तिजोरीत जातो. उरलेल्यातला भरीव वाटा नावाच्या मालकाकडे जातो. राज्याच्या २०१३ च्या ऊसदर कायद्याने साखरेबरोबर मळी, बगॅस आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नातील ७० टक्के हिस्सा शेतकऱ्याला देण्याचे सूत्र स्वीकारले. मात्र मळी कारखान्याच्या फाटकाबाहेर पडली की हे सूत्रही तेथेच संपते.

टिळकनगर आणि ‘मॅन्शन हाउस’

नगर जिल्ह्यातील ज्या उद्योगाने फाटकाबाहेरच्या या बाजारात पाऊल ठेवले, तो श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरचा. महादेव डहाणूकर यांनी १९३३ मध्ये ‘महाराष्ट्र शुगर मिल्स’ची स्थापना केली आणि लोकमान्यांच्या नावाने ही वसाहत वसली. साखरेपासून सुरू झालेला हा प्रवास मळीमार्गे मद्यनिर्मितीकडे वळला. आज ‘टिळकनगर इंडस्ट्रीज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीचे सर्वांत मोठे उत्पादन म्हणजे ‘मॅन्शन हाउस’ ब्रँडी. दक्षिणेकडील राज्यांत तिचा खप प्रचंड आहे. लोकमान्यांचे नाव कंपनीच्या पाटीवर आणि विलायती वाड्याचे नाव बाटलीवर, हा विरोधाभास भारतीय मद्यव्यवसायाच्या स्वभावाला धरूनच आहे. सरकारी दप्तरातील ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ हा शब्दप्रयोगच त्याची साक्ष देतो.

‘मॅन्शन हाउस’ आणि ‘सॅव्हॉय क्लब’ ही नावे मुळात नेदरलँड्समधील ‘यूटीओ’ या कंपनीशी निगडित होती. १९८० च्या दशकात त्या कंपनीशी झालेल्या संबंधांतून ही नावे टिळकनगरच्या बाटल्यांवर आली. पुढे संबंध बिघडले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. वाद सरळ शब्दांत असा होता : डच कंपनीच्या मते नाव तिचे होते आणि भारतातील वापर हा तिच्या परवानगीने झालेला वापर होता. टिळकनगरच्या मते भारतात हे नाव रुजविले, वाढविले आणि सांभाळले ते या कंपनीने. येथील ग्राहक ते तिचेच म्हणून ओळखतो. दरम्यान या वादात ‘ऑफिसर्स चॉइस’ची मालक असलेली ‘अलाइड ब्लेंडर्स अँड डिस्टिलर्स’ ही मुंबईची कंपनी डच बाजूच्या हक्कांच्या आधारे उतरली. एकल न्यायाधीशांचा अंतरिम आदेश २०११ मधला. त्यावरील अपिलांचा निकाल उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने दिला तो एप्रिल २०२५ मध्ये, आणि तो टिळकनगरच्या बाजूने गेला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

या निकालाचे महत्त्व दोन कंपन्यांपुरते मर्यादित नाही. नाव कोणी शोधले याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते येथील बाजारात कोणी आणि किती वर्षे वापरले, याला न्यायालये वजन देतात, हा त्याचा अर्थ. त्याचबरोबर अंतरिम आदेशावरील अपिलाला चौदा वर्षे लागणे, ही बाबही दुर्लक्षिण्याजोगी नाही. इतका काळ वकिलांचा खर्च आणि अनिश्चितता सोसू शकणारा उद्योगच अशा लढाईत टिकतो.

जुलै २०२५ मध्ये टिळकनगर इंडस्ट्रीजने फ्रान्सच्या ‘पर्नो रिकार’कडून ‘इम्पीरियल ब्लू’ ही व्हिस्कीची नाममुद्रा विकत घेण्याचा करार जाहीर केला. व्यवहाराची रक्कम चार हजार कोटी रुपयांच्या घरातील होती. १९९७ मध्ये ‘सीग्रॅम’ने बाजारात आणलेले हे नाव २००१ नंतर फ्रेंच कंपनीकडे आले होते. श्रीरामपूरच्या एका साखर कारखान्यातून जन्मलेल्या कंपनीने परदेशी बलाढ्य उद्योगाकडून त्याचे खपाचे नाव विकत घ्यावे, ही घटना जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासात नोंद घेण्यासारखी आहे. या व्यवहारात सर्वाधिक मोल यंत्रांना किंवा गोदामांना नव्हते, तर दोन शब्दांना होते, हेही तितकेच लक्षणीय आहे.

‘सुजाण ग्राहका’चे गृहीतक

नाममुद्रांच्या वादात न्यायालयापुढील मध्यवर्ती प्रश्न एकच असतो : सामान्य ग्राहकाची फसगत होईल काय? हा सामान्य ग्राहक कोण, याचे उत्तर मात्र खटल्यागणिक बदलत आले आहे.

याचे गाजलेले उदाहरण ‘पीटर स्कॉट’चे. बंगळुरूच्या खोडे कंपनीने १९६८ मध्ये ही व्हिस्की आणली आणि १९७४ मध्ये नावाची नोंदणी झाली. ‘स्कॉट’ या शब्दामुळे माल स्कॉटलंडचा असल्याचा समज होतो, असा आक्षेप स्कॉच व्हिस्की असोसिएशनने घेतला. पण नोंदणी रद्द करण्याचा अर्ज केला तो १९८६ मध्ये. मे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खोडे कंपनीच्या बाजूने कौल दिला. प्रदीर्घ काळ मौन बाळगणे म्हणजे मूक संमतीच, हा निकालाचा एक आधार होता. दुसरा आधार असा की, अशी व्हिस्की घेणारा माणूस सुशिक्षित व चोखंदळ असतो. स्कॉच आणि देशात बनलेली व्हिस्की यांतला फरक त्याला कळतो.

‘ऑफिसर्स चॉइस’च्या प्रकरणात सूर निराळा लागला. हे नाव १९८८ पासूनचे. ते बाजारात आणणाऱ्या ‘बीडीए’ कंपनीचे औरंगाबादशी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरशी, नाते होते. विजय मल्ल्या आणि किशोर छाब्रिया यांच्यातील दीर्घ संघर्षात ही कंपनी सापडली आणि २००५ च्या समझोत्यात छाब्रियांकडे राहिली. पुढे हे नाव ‘अलाइड ब्लेंडर्स’कडे आले. ‘कलेक्टर्स चॉइस’ नावाची व्हिस्की बाजारात आली तेव्हा या कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. ‘ऑफिसर’ आणि ‘कलेक्टर’ हे शब्द उच्चाराने वेगळे असले तरी भारतीय माणसाच्या मनात ते एकाच पंगतीत बसतात, कलेक्टर हा साहेबच, हा युक्तिवाद न्यायालयाने ग्राह्य धरला आणि मनाई हुकूम दिला. ज्या जिल्ह्यात आजही कलेक्टर कचेरी हा शब्द रुळलेला आहे, तेथील वाचकाला हे तर्कशास्त्र समजावून सांगण्याची गरज नाही.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने पारडे पुन्हा दुसऱ्या बाजूला झुकले. ‘ब्लेंडर्स प्राइड’ आणि ‘इम्पीरियल ब्लू’ या नाममुद्रांच्या जोरावर पर्नो रिकारने इंदूरच्या एका उत्पादकाच्या ‘लंडन प्राइड’ या नावाला आक्षेप घेतला होता. ‘प्राइड’ हा सर्वसाधारण शब्द कोणा एकाच्या मालकीचा होऊ शकत नाही, नावाचे तुकडे करून तुलना करता येत नाही आणि दोन्ही नावे समग्रपणे पाहता गोंधळाची शक्यता प्रथमदर्शनी दिसत नाही, असे सांगून न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. चढ्या किमतीचे मद्य घेणारा ग्राहक पारखून घेतो, हा विचार येथेही होता. मूळ दाव्याची सुनावणी चार महिन्यांत संपविण्याचे निर्देशही देण्यात आले.

महागड्या मद्याच्या बाबतीत हे गृहीतक कदाचित खरे असेल. पण राज्यातला बहुतांश खप चपटी बाटली घेणाऱ्यांचा आहे. दिवसभर फडात राबून अंधार पडल्यावर दुकानाच्या जाळीपलीकडे पैसे सरकवणारा माणूस लेबल वाचत नाही. तो रंग ओळखतो, आकार ओळखतो आणि तोंडी रुळलेले अर्धे नाव उच्चारतो. त्याच्यासाठी दोन नावांतील साम्य हा व्याकरणाचा प्रश्न नसतो. कित्येकदा तो जिवाचा प्रश्न असतो.

नगर जिल्ह्याने याची किंमत मोजली आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा परिषद निवडणुकीच्या धामधुमीत नगर तालुक्यातील पांगरमल येथे विषारी दारूने अनेकांचे बळी घेतले. तपासाचे धागे थेट नगरच्या शासकीय रुग्णालयाच्या आवारातील उपाहारगृहापर्यंत पोहोचले आणि तेथे बनावट दारू तयार होत असल्याचे उघड झाले. नाममुद्रेचा कायदा व्यापाऱ्याच्या हिताचा असे मानले जाते. पण बाटलीत काय आहे आणि ते कोणी भरले याची हमी देणे, हे नावाचे मूळ काम. ती हमी तुटली की काय होते, हे पांगरमलने दाखविले.

केंटकीचा धडा

नावाचे हे मूळ काम अमेरिकेने सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखले. केंटकी राज्याची ओळख असलेली बर्बन व्हिस्की मक्याची; कायद्याने तिच्यात किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथेही स्पिरिटमध्ये रंग व अर्क मिसळून ‘जुनी व्हिस्की’ म्हणून खपविणाऱ्यांचा सुळसुळाट झाला. कर्नल एडमंड टेलर यांच्यासारख्या उत्पादकांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि १८९७ मध्ये कायदा आला. एकाच आसवनीत, एकाच हंगामात गाळलेली आणि सरकारी देखरेखीखालील गोदामात किमान चार वर्षे मुरलेली व्हिस्कीच विशिष्ट शिक्क्याने विकता येऊ लागली. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने बर्बन हे अमेरिकेचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचा ठराव केला. म्हणजे तेथे कंपनीच्या नावाआधी मालाच्या नावाला संरक्षण मिळाले, आणि मक्याचा शेतकरी त्या व्याख्येतच बांधला गेला.

तंटे तेथेही थांबले नाहीत. ‘मेकर्स मार्क’ या बर्बनच्या बाटलीच्या मानेवरून ओघळलेले लाल मेण ‘होजे क्वेर्वो’ या टकीला उत्पादकाने वापरले, तेव्हा २०१२ मध्ये अपील न्यायालयाने ते लाल ओघळ हीच नाममुद्रा असल्याचे मान्य केले. त्याच टेलर यांच्या पडक्या आसवनीचा जीर्णोद्धार करणाऱ्या नव्या मालकांना ‘पूर्वीची ओल्ड टेलर आसवनी’ असे म्हणता येईल काय, हा वाद २०१८ मध्ये निकाली निघाला. नाव ‘सॅझरॅक’ कंपनीचे असले तरी जागेचा खरा इतिहास सांगण्यास मज्जाव करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. नाव एकाचे आणि वास्तू दुसऱ्याची असू शकते. इतिहास मात्र कोणाच्या नावे नोंदविता येत नाही, हा त्याचा मथितार्थ.

भारतीय बाजारावर आता या परदेशी नावांचेही लक्ष आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने बर्बनवरील आयातशुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले. जुलै २०२५ मध्ये स्वाक्षरी झालेल्या भारत-ब्रिटन करारात स्कॉचवरील शुल्क १५० वरून प्रथम ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. विलायती नावाची भारतीय बाटली आणि खरोखरीची विलायती बाटली यांच्या किमतीतील अंतर घटले, तर नावांवरील लढाया अधिक तीव्र होतील, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही.

पुढे काय?

या पार्श्वभूमीवर राज्यातील नव्या मद्यप्रकाराकडे पाहिले पाहिजे. नव्या नाममुद्रांची नोंदणी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे होईल. व्यापारचिन्हांची नोंदणी मात्र केंद्राच्या वेगळ्या कार्यालयात होते. लेबल मंजूर होणे आणि नावावर हक्क मिळणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे छोट्या उत्पादकाला बहुधा पहिली नोटीस हाती पडल्यावरच कळते. लेबल मंजूर करतानाच व्यापारचिन्हांच्या नोंदवहीशी ताळा घेण्याची पद्धत रूढ झाली, तर पुढचे अनेक दावे टळू शकतील. १४८ रुपयांची बाटली २०५ रुपयांच्या बाटलीसारखी दिसावी, हा मोह उत्पादकाला होणारच. त्याला आवर घालण्याची जबाबदारी न्यायालयांवर सोडून चालणार नाही.

दुसरा प्रश्न सहकाराचा. जिल्ह्यातील काही सहकारी कारखान्यांनी आसवन्या उभारल्या, देशी मद्यही बनविले. अलीकडे मळीचा आणि रसाचा मोठा ओघ इथेनॉलकडे वळला आहे. पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलला नाव लागत नाही, दर सरकार ठरविते आणि खरेदीदारही ठरलेले. त्यात सुरक्षितता आहे. पण नावातून मिळणारा लाभ नाही. सहकाराने आजवर कच्चा माल विकण्यात समाधान मानले आणि नावाचा व्यापार खासगी उद्योगाकडे राहिला. धान्याधारित नव्या प्रकाराने तर ऊसपट्ट्याला या बाजूने वगळल्यासारखेच आहे.

या साऱ्या चर्चेत एक बाजू विसरता येणार नाही. राज्याच्या २००८ च्या आदेशानुसार गावातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानासाठी मतदान घ्यावे लागते, आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला कौल दिला तर दुकान बंद करावे लागते. त्या मतपत्रिकेवरच्या बाटलीला कोणतेही नाव नसते. ज्या घरात उचलीचे पैसे हंगामाआधीच संपतात, त्या घरातील बाईला बाटलीवर ‘प्राइड’ आहे की ‘चॉइस’, याने काही फरक पडत नाही. नगरच्या कंपनीने नावाची लढाई जिंकली, हे खरे. पण ऊस तोडणाऱ्याच्या पदरात त्या नावातून काय पडले, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयापुढे अजून आलेला नाही.